मोजणीवरची बाई

नगरपालिकेत नोकरी मिळावी म्हणून तिने सहा वर्षं उंबरठे झिजवले. वयाची अट संपायला दोन महिने उरले असताना एकदाचं बोलावणं आलं: घरमोजणी विभाग, कारकून, पहिले तीन महिने तात्पुरती. अप्पांनी पत्र दोनदा वाचलं आणि खिडकीतूनच शेजारणीला ओरडून सांगितलं, "आमची लेक सरकारी झाली हो!" अप्पांचे गुडघे कामातून गेलेले, शिवणयंत्र केव्हाच बंद पडलेलं. घरात बाप-लेक, तिसरं कुणी नाही. ही नोकरी टिकवणं भागच होतं.

काम सोपं होतं. दार वाजवायचं, समोर येतील ती माणसं मोजायची, घराच्या क्रमांकापुढे आकडा लिहून सही ठोकायची. पहिल्या दिवशी पंचवीस घरं होईतो पायांचे तुकडे पडले. सव्विसाव्या घरात रेडिओ चालू होता, दोरीवर कुणाच्या तरी झग्यातून पाणी ठिबकत होतं. दोनदा कडी वाजवूनही कुणी येईना, तेव्हा तिने वैतागून 'बंद घर' लिहिलं आणि मोकळी झाली. खरं सांगायचं तर असं सगळेच करतात.

दुसऱ्या दिवशी तिथूनच जाताना ती थबकली. दाराला कुलूप होतं, गंजून दगड झालेलं. दोरी नव्हती, दोरीचा खिळासुद्धा नव्हता.

"इथे कोण राहतं हो?" तिने समोरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं.

"इथे? छे! मी दुकान टाकलं तेव्हापासून बंदच आहे."

"अहो, काल रेडिओ वाजत होता!"

"ताई, ऊन लागलं का तुम्हाला? पाणी देऊ?"

ती तशीच कचेरीत आली. हेडक्लार्क कागदांवर शिक्के मारत होता.

"साहेब, कालची एक नोंद चुकली. खोडते."

"सही केलीत ना? मग ती चुकलेली नाही." त्याने मान वर केली नाही. "म्हणून सांगतो, बघून लिहा. तुमच्या आधीचे गृहस्थ स्वतःच्या घराचं पानही इथे बसून भरायचे."

"ते कुठे असतात आता?"

"कोण?" साहेबाने विचारलं, आणि तो थट्टा करत नव्हता.

तिला राजीनामा द्यावा असं वाटलं, पण समोर उद्याची यादी पडली होती आणि यादीत तिचीच गल्ली होती.

"ही गल्ली दुसऱ्या कुणाला द्या ना, साहेब."

"दुसरं कोण आहे? तुम्ही नाही गेलात तर मी इथेच भरून टाकीन."

म्हणजे जाणं आलंच.

तिसऱ्या दिवशी तिने सुरुवात घरापासूनच केली. खिशात किल्ली असून कडी वाजवली. अप्पांना दारापर्यंत यायला वेळ लागतो हे ठाऊक होतं, तरी तेवढ्यात तिने पुन्हा दोनदा कडी वाजवली.

"अगं, किल्ली विसरलीस?"

"अप्पा, नीट समोर उभे राहा."

"उभा आहे की! मोज, बाई, मोज," अप्पा हसले.

तिने ठसठशीत अक्षरात 'एक' लिहिलं, खाली सही केली, आणि तिच्या जिवात जीव आला. उरलेली गल्ली तिने इतक्या मायेने मोजली की पाळण्यातली तान्हीसुद्धा सोडली नाहीत. दुपारी त्या पानावर शिक्का बसला.

संध्याकाळी किल्ली कुलपात फिरेना. तिने पुन्हा घालून पाहिली, उलटी घालून पाहिली, आणि मग तिला ते पान आठवलं. समोर आलं ते माणूस मोजायचं, या सवयीने तिने एक लिहिलं होतं. त्या घरात दोघं राहत होती. दाराबाहेर वही धरून उभी असलेली बाई तिने मोजलीच नव्हती.

आतून पाय ओढल्याचा आवाज आला. दार उघडलं.

"अप्पा..."

अप्पांनी डोळे बारीक करून पाहिलं. ओळख पटली तसा चेहरा खुलला. "अरे, सकाळच्या मोजणीवरच्या बाई ना तुम्ही? काही लिहायचं राहिलं का? मी एकटाच असतो इथे." तिचे डोळे भरलेले पाहून ते गडबडले. "दमलात वाटतं. थांबा, पाणी आणतो. पिऊन निघा लगेच. उशीर झाला की घरच्यांच्या जिवाला घोर लागतो."