टाकलेले पत्ते

"चोर म्हणतात आपल्याला! आपल्याला!" कवळीवाल्यांनी फोन मुलीच्या नाकासमोर धरला.

"कोण?"

"पोकरवाली कंपनी. दोन्ही खाती गोठवलीत. एकाच वायफायवरून एकाच टेबलावर खेळतो, म्हणजे आतून मिलीभगत म्हणे."

मुलीने हातातला मेणाचा जबडा खाली ठेवला. "जाऊ द्या ना, बाबा. दुसरा खेळ शोधू."

"जाऊ द्या? पोटच्या पोरीला मी कसा सोलून काढतो ते बघितलंय का त्यांनी?"

ते खरंच होतं. बापलेक मिळून दातांच्या कवळ्या बनवत. दुपारी जेवण झालं की दोघं एकमेकांकडे पाठ करून बसत आणि फोनवर पैसे लावून पोकर खेळत. डाव चालू असताना बोलायचं नाही, हा कवळीवाल्यांचाच नियम. मुलीला बाद केलं की ते संध्याकाळपर्यंत शीळ घालत. चावा नीट न बसणारी कवळी त्यांनी कधी बाहेर जाऊ दिली नव्हती आणि आपला खेळही तसाच चोख आहे, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

त्यांनी कंपनीला ठणकावून लिहिलं: कोणता डाव खोटा वाटतो, तो सगळ्यांच्या पत्त्यांसकट दाखवा.

दुसऱ्या दिवशी कंपनीने मागच्या महिन्यातल्या स्पर्धेचा एक डाव पाठवला. कवळीवाले खूश झाले.

"हा तर माझा सगळ्यात भारी डाव! तिघंच उरलो होतो, बक्षीस पहिल्या दोघांना. माझ्या हातात शून्य. तरी होतं नव्हतं ते सगळं लावलं आणि तुला पळवलं. आठवतंय?"

"आठवतंय," मुलगी हळूच म्हणाली.

त्यांनी चष्मा पुसून चित्र मोठं केलं. मुलीने टाकलेले पत्ते उघडे दिसत होते. टेबलावरचे धरून तीन राजे, दोन अठ्ठ्या. असा हात नवशिकाही टाकत नाही.

"अगं, हे काय?"

"तुम्ही बाद झाला असतात."

"मग व्हायचं!"

"तुम्ही उठून गेलात की मजाच जाते हो खेळातली. एकदाच केलं, बाबा."

"आणि तो तिसरा?" तो अनोळखी खेळाडू पुढच्याच डावात त्यांच्या हातून बाद झाला होता, रिकाम्या हाताने. "त्याचं बक्षीस मी घेऊन बसलो ना!"

त्यांनी उभ्या उभ्याच उत्तर लिहिलं. आरोप खरा आहे. माझं बक्षीस त्या तिसऱ्याला द्या. दोन्ही खाती बंद करा.

"माझं एकटीचं बंद करा म्हणावं. तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"जिंकलो तेव्हा मिरवलं ना मी?" म्हणत त्यांनी ते पाठवून दिलं.

काही दिवस दुपारीही पॉलिशची मोटार चालू राहिली. मग मुलीने पत्त्यांचा कॅट आणला आणि दोघं समोरासमोर बसले, पैसे न लावता. तिसऱ्याच डावात कवळीवाल्यांनी बोली चढवली. मुलीने पत्ते पालथे टाकले.

टाकलेले पत्ते कुणी बघत नाही, तशी रीतच आहे. कवळीवाल्यांनी हात पुढे केला.

"दाखव."

तिने पत्ते सरकवले. त्यांनी उलटून पाहिले. खरोखरच भिकार होते.

"ठीक आहे," ते म्हणाले आणि पत्ते पिसायला घेतले.