खांद्याची आकृती

वरिष्ठपदाची खुर्ची मिळाली तर साखरबाईंच्या पदरात काय काय पडणार, याचा हिशेब त्यांच्या नवऱ्याने केव्हाच करून ठेवला होता. दिवसभर कानाला हेडफोन नको, गिऱ्हाइकांची बोलणी नकोत, पगार वाढता, आणि ज्या साहेबाला बघून पाठ ताठ करायची त्याच्याच शेजारी टेबल. उलट रविवारी त्या अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायला जात, तिथे मिळायची एक बंद खोली. पंखासुद्धा बंद, कारण त्याची घरघर मुद्रणात येते.

साखरबाई वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेत. आवाज गोड, म्हणून हे नाव. साहेबांचं म्हणणं, तो गोडवा कंपनीला परवडत नाही. तक्रार नोंदवायची, कारागीर पाठवतो म्हणायचं, फोन ठेवायचा, एवढंच काम. बाई मात्र फोनवरूनच मशीन चालू करून द्यायच्या.

"कारागिरांना घरी बसवायचा विचार आहे का तुमचा?" साहेब विचारायचे.

"चालू झालं ना, साहेब, मशीन!"

"तेच तर दुखणं आहे."

अशा माणसाला रविवारची खोली स्वर्गच वाटायची. तिथे कोणी मध्येच थांब म्हणत नसे. एका रविवारी मात्र जिच्यासाठी पुस्तक वाचत होत्या ती मुलगीच येऊन बसली. जन्मापासून दृष्टी नाही, फिजिओथेरपी शिकत होती, आणि जिभेला हाड नव्हतं.

"काकू, आवाज छान आहे हो तुमचा. पण दर दोन पानांनी म्हणता, 'आकृती पाहा.' कशाने पाहू?"

साखरबाई ओशाळल्या. "अगं, पुस्तकात तसंच छापलंय."

"पुस्तकाला माहीत नाही मी कोण ते. तुम्हाला माहीत आहे ना?"

मुलीनेच पुढे सांगितलं. खांद्याच्या प्रकरणात मजकूर थोडा, आकृत्याच फार. प्रात्यक्षिकाला समोर माणूस बसवतात आणि अमुक स्नायू हात लावून दाखव म्हणतात. मागच्या वेळी ती खांद्यावरच नापास झाली होती. या वेळीही राहिली तर शिक्षण बंद, असं वडिलांनी बजावलं होतं. नवं ध्वनिमुद्रण पुढच्या रविवारी हातात पडलं तरच अभ्यासाला वेळ उरणार होता.

आणि पुढच्याच रविवारी ऑफिसात खुर्चीसाठी मुलाखत होती.

"सोपं आहे," नवरा म्हणाला. "सकाळी भराभर वाचा, 'आकृती पाहा' म्हणा, आणि मुलाखतीला जा. फुकटच्या कामात कोण चुका काढतंय?"

"तीच काढते ना!"

साखरबाईंनी आकृत्यांची वर्णनं लिहायला घेतली. 'डावीकडे लाल पट्टा, त्यावर बाण.' वाचून त्यांचं त्यांनाच हसू आलं. जिने रंग कधी पाहिला नाही तिला लाल काय आणि निळं काय!

वाट सापडली ती ऑफिसात. एका आजोबांच्या मशीनचं दार अडकलं होतं, आत सगळे कपडे, घरात वीज नाही. बाई सवयीने बोलत गेल्या, "आजोबा, खालच्या कडेवरून बोटं फिरवा. उजव्या कोपऱ्याला झाकण लागेल. लागलं? आत दोरी आहे, हळूच ओढा." दार उघडलं. आजोबांनी तोंडभर आशीर्वाद दिले, साहेबांनी डोळे वटारले. बाईंचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. आकृती दाखवायचीच नव्हती, बोटाला वाट सांगायची होती. आणि हे काम तर त्या रोजच करत होत्या, बोलणी खाऊन.

घरी गेल्या त्या थेट नवऱ्यापुढे. "अहो, जरा शर्ट काढा."

"आत्ता? आई स्वयंपाकघरात आहे!"

"काय चाललंय रे?" आतून आवाज आला.

"अभ्यास, आई!"

आठवडाभर तो खांदा चाचपला गेला. "हात बाजूला उचला. धरून ठेवा. टणक लागतोय का बघू द्या." नवरा कुरकुरायचा आणि हात धरून ठेवायचा.

शनिवारी बाईंनी सांगितलं, "मुद्रणाला अख्खा दिवस लागणार. मी मुलाखतीला जात नाही."

नवऱ्याने शर्टाची बटणं लावली.

रविवारी त्या बंद खोलीत साखरबाई घामाघूम होऊन वाचत राहिल्या. "उजवा हात डाव्या खांद्यावर ठेव. मानेखालच्या आडव्या हाडावरून बाहेर ये, शेवटी उंचवटा लागेल. त्याच्या खाली गोलाकार मांस. आता डावा हात बाजूला उचल. कडक झालं? तोच तो स्नायू." एकदाही त्यांनी 'पाहा' म्हटलं नाही.

खुर्ची मिळाली ती शेजारच्या टेबलावरच्या बाईंना, ज्या फोनवर दोन वाक्यांच्या वर जात नसत. साखरबाई दोन दिवस कोणाशी धड बोलल्या नाहीत. गिऱ्हाइकांचा अपवाद.

परीक्षेनंतर तक्रारीच्या नंबरवरच फोन आला. "काकू, तक्रार नोंदवायची आहे. खांदा पास झाला, पण पुढच्या वर्षी गुडघा आहे, आणि त्याचं मुद्रण कुणी केलेलं नाही."

नव्या वरिष्ठबाई पलीकडून हातवारे करत होत्या, आटपा म्हणून. साखरबाईंनी पाठ फिरवली आणि निवांत बोलल्या.

त्या मुद्रणावर आता दुसरीही मुलं शिकतात. घरी पाहुणा आला की नवरा ते लावतो आणि छाती काढून सांगतो, "हा खांदा आमचा बरं का!" गुडघ्यासाठी त्याने आपणहून पायजमा वर केला.

तेव्हा शेवटची बेरीज अशी: बोटाला वाट सांगायची शिकवणी कंपनीच्या पगारावर झाली, कंपनीला पत्ता नाही. अंग नवऱ्याचं झिजलं. खुर्ची गमावली ती साखरबाईंनी, एकटीने. मुलीला काहीच मोजावं लागलं नाही, आणि ते तसंच राहावं यावर घरात सगळ्यांचं एकमत आहे.