ओट्यावरचा बयाना

"बयाना तुमी माह्या हातात देल्ला काय? सांगा ना, टीचरबाई!" माणिकराव ओट्यावरूनच म्हणाले.

पंचफुला खाली अंगणात उभी होती. आदिलाबादजवळच्या जैनथच्या शाळेत ती चौथीला शिकवायची. घरमालकाने खोली सोडायला सांगितली, म्हणून माणिकरावांचा प्लॉट तिने ठरवला होता. रजिस्ट्री तोंडावर आलेली, आणि आज सकाळी कळले की त्याच जागेला आदिलाबादचा एक कापूसवाला जास्त भाव देतोय. सकाळच्या वर्गात फळ्यावर काय लिहिले, तिचे तिलाच आठवत नव्हते.

"तुमीच तं म्हणलं, ओट्यावर ठेवा म्हून," ती कशीबशी बोलली.

खरेच होते ते. इकडे बयाना, म्हणजे इसाराचे पैसे, हातातून हातात गेला की जमीन बांधली गेली. मग सोन्याचा भाव येवो, मालक फिरत नाही. पण पंचफुला बौद्ध. तिच्या वस्तीतल्यांनी जे द्यायचे ते ओट्यावर ठेवायचे, ही त्या घरची रीत. शिकलेली, पगारदार पंचफुलाही त्या दिवशी सवयीने वाकली होती. जित्याची खोड, दुसरे काय!

"हातात नाई, तं सौदा नाई." माणिकरावांनी नोटा ओट्याच्या कडेला ठेवल्या. "उचला."

"उचल, अक्का," सोबत आलेला भाऊ देवाजी पुटपुटला. "पैसा तरी वाचला."

तिचा हात पुढे गेला आणि थांबला.

"हातात द्या."

"काऊन?"

"हातात नाई देल्ला, तं सौदा मोडला कसा? तुमचीच रीत हाय, भाऊ."

माणिकरावांनी कडेच्या नोटा पुन्हा उचलल्या. हा माणूस आपल्याला शिवणार नाही, म्हणून तरी प्लॉट वाचेल, असे पंचफुलाला वाटले. लाजिरवाणी आशा होती ती, पण होती.

माणिकराव पायऱ्या उतरले. नोटा तिच्या तळहातावर ठेवून त्यांनी नीट दाबल्या.

"मोडला सौदा."

दारातून जयवंताबाई तांब्या घेऊन आल्या आणि नवऱ्याच्या हातावर पाणी घालू लागल्या.

पंचफुलाने ते पाहिले. नोटा तिने देवाजीकडे दिल्या. घरासमोरच्या सरकारी बोरिंगवर ती गेली आणि देवाजीला दांडा मारायला सांगितला. कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, तिने सावकाश हात धुतले. माणिकराव ओल्या हातांनी बघत राहिले.

मग पदराला हात पुसून ती शाळेकडे निघाली. दुपारचा वर्ग घ्यायचा होता.