मानपाड्याची स्वयंभू वीट

नव्या बाथरूमच्या भिंतीत उजेडासाठी काचेच्या विटा बसवल्या, त्यातली एक उरली. ती मी उचलली. काचवाल्याकडून तळाशी भोक पाडून घेतलं, आत बारीक दिव्यांची माळ सोडली, वरून लाल रिबीन बांधून मोठं फूल केलं. झाली ख्रिसमसची पेटती भेट! बर्फासाठी जाडं मीठ आणलं आणि एकेक खडा डिंकाने चिकटवला. आमच्या मानपाड्यात बर्फ कुणी पाहिलाय? मीठ मात्र पाहिलंय. सासूबाईंचं, म्हणजे सखुबाईंचं, लग्नाआधीचं सगळं आयुष्य माहेरच्या मिठागरात गेलं.

वीट जाणार होती ठाण्याला, माजिवड्याच्या दीप्ती मॅडमच्या हस्तकलेच्या क्लासच्या स्पर्धेत. जिंकेल ती पुढच्या बॅचला शिकवणार. मला ते जीव तोडून हवं होतं. लग्न झाल्यापासून मी एक तर कमलेशची बायको, नाही तर सखुबाईची सून. कल्पिता नावाची कुणी बाई या आळीत राहते, याचा कुणालाच पत्ता नव्हता.

घोळ केला माळेतल्या टायमरने. माळ एकदा लावली की रोज त्याच वेळेला आपली आपण लागायची, आणि ती वेळ निघाली नेमकी दिवेलागणीची. सासूबाई देवापुढे निरांजन लावून वळल्या आणि शेजारच्या फळीवरची वीट कुणी हात न लावता उजळली.

मी भाजी घेऊन परतले तोवर विटेला हळद, कुंकू, जास्वंद, आणि पुढ्यात नारळ. दारात अर्धी आळी.

“आई, त्यात टायमर आहे,” मी म्हटलं.

“आन् टायमर कोनाचे इच्छेनं चालतो?” सासूबाई म्हणाल्या.

मी कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी दमट हवेने मिठाला पाणी सुटलं. देवाला घाम फुटला, ही बातमी डोंबिवली स्टेशनपर्यंत गेली. शेजारच्या कलावतीकाकू मुलाच्या लग्नासाठी नवस बोलल्या. कमलेश म्हणाला, “राहू दे ना गं, एवढी खूश आहे आई.” नवऱ्यांना असल्या वेळीच बरी आई आठवते.

स्पर्धेच्या दिवशी मी विटेला हात लावला, तर सासूबाई आडव्या आल्या. “देव असा पिशवीत घालून नेतान?”

शेवटी रीतसर उत्तरपूजा केली, वीट जागेवरून जराशी हलवली, तेव्हा कुठे ती उचलायला मिळाली. पण विसर्जन माजिवड्याला आहे, एवढंच आळीला कळलं. टेम्पो आला, बेंजो आला, गुलाल आला. अख्खी आळी माझ्यामागे निघाली.

हॉलमध्ये कापसाच्या दाढीचे सांताक्लॉज ओळीने मांडले होते. त्यांच्यामधून आमची वीट वाजतगाजत शिरली. दीप्ती मॅडमनी कुंकवाने माखलेली रिबीन दोन बोटांनी उचलली.

“हे कोणी केलंय?”

“कोनी नाय! स्वयंभू हाय!” आळी एका सुरात ओरडली.

मॅडम गंभीर झाल्या. “सॉरी हं. स्पर्धकाने स्वतः केलेलीच वस्तू चालते.”

‘मी केलंय’ म्हणावं, तर सासूबाई आळीसमोर खोट्या पडणार. गप्प बसावं, तर क्लासही गेला आणि नावही गेलं. मला भयंकर राग आला, विटेचा, टायमरचा, सगळ्यांचाच.

तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. माझा हात धरून त्यांनी तो मॅडमच्या नाकासमोर नेला.

“ही बोटं बघ. मिठानं फुटलीत. मिठागरात माझी पन अशीच फुटायची. ह्यो माझे सुनेनी केलाय. कल्पितानी.”

बेंजो थांबला. माझे डोळे भरून आले.

“मंग माझा नवस?” कलावतीकाकू रडकुंडीला आल्या.

“तो पन तिलाच सांग. आपोआप कायपन व्हत नाय.”

मॅडमनी विटेवर माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवली. कलावतीकाकू जरा घुटमळल्या. मग त्यांनी देवासाठी आणलेला नारळ उचलला आणि माझ्या हातात दिला.

“कल्पिता,” त्या मला पहिल्यांदाच नावाने हाक मारत म्हणाल्या, “पोरगी जराशी शिकलेली बघ हां.”