रूबीचा उपास

खोगिराचा पट्टा आवळायला घेतला की रूबी कान मागे पाडून दात दाखवायची. आज तर तिने सुप्रभाची बाहीच दातात धरली. लीड्सबाहेरच्या त्या तबेल्याची मालकीण म्हणाली, स्वभावच खराब, विकून टाका. सुप्रभाच्या नवऱ्यानेही, स्वानंदने, मान डोलावली. "पोरगी एखाद दिवशी पडेल हिच्यावरून."

पंधरा वर्षांची ईशिता घोडीच्या मानेला टेकून उभी होती. "बाबा, ती वाईट नाहीये. तिला दुखतंय. दाणा अर्धा सोडते, अंगावरची शाइन गेलीय. मला पोटात अल्सर वाटतो."

"पोट बिघडलंय ना? मग एक दिवस लंघन," सुप्रभा म्हणाली. तिला स्वतःला संकष्टीचा उपास होताच. त्याच हक्काने तिने गवताची जाळी खुंटीवरून उतरवलीसुद्धा.

ईशिताने जाळी परत टांगली. "आई, प्लीज. घोड्याच्या पोटात ॲसिड सारखं बनतं, खाल्लं नाही तरी. चावलं की लाळ येते, ती त्याला शांत करते. तुझ्या लंघनाने तर तिचं पोट अजून जळेल."

हॉस्पिटलात भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या सुप्रभाने जाळीची गाठ स्वतःच घट्ट केली. मग नवऱ्याला म्हणाली, "आधी व्हेटला दाखवू. विकायचं नंतर बघू."

पोटात कॅमेरा घालून करायच्या तपासणीसाठी मात्र रूबीला रात्रभर उपाशी ठेवावं लागलं. "हा तुझा उपास, आई," ईशिता कुरकुरली. सकाळी पडद्यावर पोटातले लालभडक व्रण दिसले. व्हेटने विचारलं, कुणाच्या लक्षात आलं हे? सुप्रभाने बोट दाखवलं. "माझ्या लेकीच्या." आवाज जरा मोठाच निघाला.

औषध सुरू झालं. दाणा कमी, गवत कायम समोर, दिवसभर सोबतिणीबरोबर कुरणात, आणि खोगीर घालण्याआधी थोडा कापलेला चारा.

पुढच्या संकष्टीला ईशिताने पट्टा आवळला. रूबीचे कान पुढेच राहिले. स्वानंद हळूच म्हणाला, "विकायचं म्हणत होतो ना आपण?"

"तुम्ही म्हणत होता," सुप्रभा म्हणाली. चाऱ्याची बादली तिनेच आणली होती, रिकामी होईपर्यंत धरूनही तीच उभी राहिली होती. बघत उभ्या असलेल्या मालकिणीला तिने ऐटीत सांगितलं, आमच्या घरातून कुणी उपाशीपोटी बाहेर पडत नाही.

"आणि तू?" ईशिताने खोगिरावर बसत विचारलं.

"मी काय घोडी आहे? चल, पाठ ताठ ठेव."