बंद न केलेला प्रोग्राम

सुरळीत चाललेल्या गोष्टीत हात घालू नये हे भिंगरीला कळत होतं, वळत नव्हतं. घरात तिला लहानपणापासून भिंगरीच म्हणत, कारण ती एका जागी शांत बसली की हिला ताप तर आला नाही ना, अशी घरच्यांना शंका यायची. आता ती एका कंपनीत प्रोग्रामर होती, हाताखाली नवी मुलं होती, तरी अंगातली चुळबुळ काही गेली नव्हती. त्या दिवशी दुपारी जेवायचं सोडून तिने घरच्या लॅपटॉपवरच्या, वडिलांसाठी केलेल्या प्रोग्राममध्ये डोकं घातलं, ते याच खोडीपायी. प्रोग्रामला काही झालं नव्हतं. तो तिला गबाळा वाटत होता, एवढंच.

वडील पोहायला शिकवायचे. काठावर उभे राहून एक आरोळी दिली की पाण्याखालच्या पोरालाही ऐकू जाईल, असा आवाज. मग एका सकाळी मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली, उजवा हात लुळा पडला आणि आवाजातले शब्द गेले. आवाज राहिला, शब्द गेले. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं, रोज एक ओळ तरी टाइप करू द्या, काहीही असो. भिंगरीने एका सुट्टीच्या दिवशी बसून प्रोग्राम लिहून टाकला. उघडला की तो अख्खी फाइल वाचायचा, सगळ्या ओळी स्वतःजवळ धरून पडद्यावरच्या खिडकीत दाखवायचा आणि खाली एक मोकळी पट्टी ठेवायचा. बाबा डाव्या हाताच्या एका बोटाने त्या पट्टीत लिहायचे, बटण दाबायचे, की ती ओळ खिडकीत दिसायची आणि फाइलच्या शेवटीही जाऊन बसायची.

पहिले कित्येक दिवस नुसता चिखल होता. ‘पपप’. ‘णप’. ‘णीपा’. मग एकदाचं ‘पाणी’ आलं आणि भिंगरी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडली. पुढे ‘पाणी दे’, ‘पाय दुखतो’, आणि हळूहळू पूर्ण वाक्यं. अलीकडे तर बाबा खोडकरपणावर उतरले होते. ‘कबुतराने ताईच्या साडीवर घाण केली. मी बघितले. सांगितले नाही.’ ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, भिंगरीची आत्या. तीच दिवसभर त्यांच्यापाशी असायची.

भिंगरीला या फाइलचा कोण अभिमान. घरी कुणी आलं की चहाआधी ती फाइल दाखवायची. खिडकी पहिल्या ओळीपासूनच उघडायची, तशी सोय तिने मुद्दाम करून ठेवली होती. कुठून कुठे आलो ते बाबांना रोज दिसावं म्हणून. बाबांशी तिचं वाजायचं ते एकाच गोष्टीवरून. ते प्रोग्राम कधी बंदच करायचे नाहीत. आठवडेच्या आठवडे लॅपटॉप तसाच चालू. ती समजावून थकली, चिडून थकली. बाबा मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तर त्या दुपारी ऑफिसातून घरच्या लॅपटॉपला जोडून घेऊन तिने प्रोग्रामची नवी आवृत्ती तिथे नेऊन ठेवली. जोडणी साधी होती. फाइली दिसायच्या, हुकूम देता यायचे, समोरचा पडदा दिसायचा नाही. नव्या आवृत्तीत तिने फाइलचं सगळं काम एका क्लासमध्ये, म्हणजे कोडच्या एका वेगळ्या कप्प्यात, नीटनेटकं आवरलं होतं. त्या क्लासवरून ऑब्जेक्ट, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा नग, तयार झाला की त्यानेच फाइल उघडायची, मग त्याच्याकडूनच वाचून घ्यायचं, त्याच्याकडूनच लिहून घ्यायचं. किती ओळी सापडल्या ते सांग, असा हुकूम देऊन तिने तो चालवला.

उत्तर आलं, शून्य.

तिने पुन्हा चालवला. शून्य. तिने फाइलचा आकार बघितला. शून्य बाइट. मग तिला नव्या कोडमधली आपणच लिहिलेली एक ओळ दिसली. ऑब्जेक्ट फाइल उघडत होता ती वाचण्यासाठी नाही, शेवटी भर घालण्यासाठीही नाही, तर लिहिण्यासाठी. आणि लिहिण्यासाठी म्हणून उघडली की फाइल आधी कोरी होते, मग तुम्ही लिहा नाहीतर लिहू नका. ही गोष्ट ती स्वतः प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात सांगायची, वर पुन्हा म्हणायची की खऱ्या फाइलवर कधी चाचणी करायची नाही, आधी प्रत काढायची. शहाणपण सगळं दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेलं.

प्रत होती. पण अगदी सुरुवातीच्या दिवसांची. म्हणजे ‘पपप’ आणि ‘णप’ सुखरूप होते. बोलायला शिकलेले बाबा तेवढे गेले होते. संध्याकाळी ते पट्टीत ओळ लिहायला बसतील, आणि वर बघतील तर रिकामं. काय सांगायचं त्यांना? बोलता येत नसलेल्या माणसाचे होते नव्हते ते शब्द मी पुसले, माझे हात शिवशिवत होते म्हणून?

साहेबांनी मीटिंगला हाक मारली. ती खुर्चीत जाऊन बसली, एक अक्षर तिच्या कानात शिरलं नाही. टेबलाखाली पाय हलत होता, त्याने शेजारच्याचा लॅपटॉप थरथरत होता. काहीतरी करायचं म्हणून ती सारखी त्याच फाइलचा आकार बघत राहिली, जणू बघून बघून तो वाढणार होता.

आणि तो वाढला. फाइलमध्ये एक ओळ आली. ‘ऊन आहे. खिडकी उघडली.’

भिंगरी उभीच राहिली. बाबांनी आत्ता लिहिलं होतं. जुन्या प्रोग्राममधून. म्हणजे तो त्यांनी आजही बंद केलेला नव्हता! ज्यावरून ती एवढी चिडायची, तेच घाबरल्यावर तिच्या डोक्यातून गेलं होतं. फाइल रिकामी झाली तरी त्या चालू प्रोग्रामच्या पोटात सगळ्या ओळी अजून होत्या, पहिल्यापासून आजपर्यंत, त्याने उघडताना वाचलेल्या आणि बाबांनी त्यानंतर लिहिलेल्या. तो चालू आहे तोवर बाबांचे शब्द जिवंत होते. बंद झाला की संपलं.

लगोलग तिला आत्या आठवली. आत्या दुपारी आडवी होण्याआधी घरभर फिरून प्लग उपटायची. वीज भिंतीतून गळत राहते असं तिचं ठाम मत होतं. लॅपटॉपचा प्लग बाबा तिला सहसा काढू द्यायचे नाहीत, पण त्यांची नजर चुकली की कधीतरी तोही निघायचा. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, वायर निघाली की तो जागच्या जागी मान टाकायचा. मग बाबा कुरकुरत तो परत लावून घ्यायचे. आणि आत्याची झोपायची वेळ झालेली होती. साहेबांना घरी अडचण आहे एवढंच सांगून भिंगरी जिन्याकडे पळाली. पळतापळता तिने आत्याला फोन लावला. वाजून वाजून थांबला. उशाशी फोन ठेवला की डोकं दुखतं, म्हणून आत्या तो कपाटात ठेवायची.

राहिले बाबा. आजारपणापासून ते फोन उचलत नव्हते; फोनवर लगेच बोलावं लागतं, समोरचा तोंडाकडे बघून समजून घेत नाही. तिने लावला, कट झाला. पुन्हा लावला. यावेळी कुणीतरी उचलला आणि नुसता श्वास ऐकू आला. काय करायचं नाही ते सांगू नका, काय करायचं ते सांगा, ही उपचारवाल्या बाईंची शिकवण तिला नशिबाने वेळेवर आठवली.

“बाबा, लॅपटॉप आहे तसा चालू राहू द्या,” ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली. “वायर लावलेली राहू द्या. मी येतेय.”

पलीकडून “हं” आलं. मागे आत्याच्या चपलांची फटफट ऐकू आली आणि फोन बंद झाला.

बसमध्ये जागा असून ती बसली नाही. प्रत्येक सिग्नलला ती मनातल्या मनात ड्रायव्हरचा उद्धार करत होती आणि त्याहून जास्त स्वतःचा. शेवटच्या चौकात बस अडकली तशी ती उतरून पळत सुटली.

दार आत्यानेच उघडलं, कपाळाला आठ्या घालून. बरं झालं आलीस, तुझ्या बापाचं डोकं फिरलंय, असं सांगत ती तिला आत घेऊन गेली. बाबांनी खुर्ची ओढून थेट भिंतीतल्या प्लगसमोर आणली होती आणि त्याला पाठ लावून ते बसले होते. लॅपटॉप मांडीवर. आत्या वायरीला हात लावायला गेली तर त्यांनी “नाही!” म्हणून अशी आरोळी ठोकली होती की वरच्या मजल्यावरची बाई काय झालं म्हणून विचारून गेली होती. तलावावर द्यायचे तशी, आत्या म्हणाली, आणि तक्रार करताकरता तिचे डोळे भरून आले.

भिंगरीने आधी काम उरकलं. खिडकीतल्या सगळ्या ओळी एकदम उचलून नव्या फाइलमध्ये टाकल्या, ती जपून ठेवली, उघडून शेवटपर्यंत पाहिली, आणखी दोन ठिकाणी प्रती काढल्या. सगळं होतं. कबुतर होतं, आजचं ऊनही होतं. मग ती बाबांच्या पायाशी फरशीवर बसली आणि तिला रडू फुटलं.

“माझ्या हातून पुसलं गेलं होतं, बाबा. तुमचं सगळं. तुम्ही बंद केलं नव्हतं म्हणून वाचलं.”

बाबांनी डाव्या हाताने खिडकी वर सरकवत अगदी पहिल्या ओळीपर्यंत नेली आणि ‘पपप’वर बोट ठेवलं.

“उघडलं की… हा,” ते म्हणाले. शब्द शोधायला डोळे मिटले. “रोज… हाच माणूस. म्हणून… बंद… करत नाही.”

भिंगरीला आधी राग आला. मग सांगायचं नाही का, हे अगदी ओठांवर आलं आणि आपण कुणाला काय विचारतोय हे कळून तिने ते गिळलं. पाहुणे आले की ती हीच ओळ सगळ्यांना दाखवायची, बाबांच्या देखत, कौतुकाने. तेव्हा बाबा हसतात असं तिला वाटायचं. आजारपणापासून त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं जायचं, हसले काय आणि कसनुसं झालं काय, दिसायला सारखंच. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“हे… तुझं,” बाबा म्हणाले. “ठेव. मला… कोरं दे.”

तिने डोळे पुसले. हे विचारायचं आता कुठे सुचतंय, अशा आवाजात तिने विचारलं, “उघडल्यावर काय दिसू दे, बाबा?”

त्यांना वेळ लागला. आत्याने मधेच शब्द पुरवायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

“आजचं,” ते म्हणाले.

भिंगरीने नवी कोरी फाइल तयार करून दिली, आणि उघडल्यावर फक्त त्या दिवसाच्या ओळी दिसतील अशी सोय केली. बाबांनी डावा हात माउसवर नेला, बाण हळूहळू कोपऱ्यातल्या फुलीवर आणला, आणि जुनी खिडकी स्वतःच बंद केली.