तपासून खरे

नगरपालिकेने भलंमोठं सभागृह बांधावं की नाही, यावर लोकांचं मतदान घ्यायचं ठरलं. प्रचारात कुणी थापा मारू नयेत म्हणून नियम निघाला, की फलकावरचं प्रत्येक वाक्य आधी पडताळणी अधिकाऱ्याने तपासायचं. या कामावर ज्या बाईंना बसवलं, त्यांचे सख्खे मामाच सभागृहाच्या बाजूचे प्रचारप्रमुख निघाले.

मामांची जीभ जन्मभर मोकाट सुटलेली. मसुदा भाचीपुढे टाकून ते पंख्याखाली खुर्ची ओढून बसले.

"'जागतिक दर्जाचं सभागृह,'" भाचीने वाचलं. "कुठल्या जगाच्या दर्जाचं, मामा?"

"अगं, म्हणायची पद्धत असते ती!"

"काट मारते. 'प्रत्येकाला हक्काची जागा.' पुढच्या रांगा तर नगरसेवकांना राखीव आहेत."

"मग मागे बसतील की लोक! मागे बसायचाही हक्कच असतो."

'करवाढ होणार नाही' या वाक्याशी मात्र मामांनाच खोकल्याची उबळ आली. "हे राहू दे. मीच काढतो."

बाईंना आता कामाचा कैफ चढला. विरोधकांनी 'सभागृह झालं तर शहर बुडेल' असं लिहून आणलं, तेव्हा "कशात बुडेल?" असं विचारून त्यांनी तेही उडवलं. विरोधक पाय आपटत गेले ते परत फिरकलेच नाहीत.

काटछाट होता होता मामांच्या हाती एकच वाक्य उरलं: 'या जागेवर सध्या गवत आहे.' बाई स्वतः जाऊन पाहून आल्या. गवत होतं. त्यांनी समाधानाने शिक्का मारला, 'तपासून खरे'.

दोन दिवसांनी चौकातला फलक पाहून त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. वर कारंजी, काचेचे घुमट, हसरी कुटुंबं असं झगमगतं चित्र. चित्रांबद्दल नियमात अवाक्षर नव्हतं. गवताचं वाक्य मुंगीएवढं, कोपऱ्यात. आणि मधोमध, गाडीच्या चाकाएवढा, त्यांचा शिक्का.

त्या तडक मामांच्या घरी गेल्या. मामी दार उघडते न उघडते तोच बाई कडाडल्या, "मामा, लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकताय तुम्ही!"

"खोटं एक अक्षर दाखव," मामा चहात बिस्कीट बुडवत म्हणाले.

बाईंनी ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा तपासलं; गवत होतंच.

सभागृहाच्या बाजूने धो धो मतं पडली. "अहो, सरकारनेच तपासलंय," लोक एकमेकांना सांगत होते. विजयसभेत मामा माईकवर नुसते सुटले होते: जागतिक दर्जा, प्रत्येकाला जागा, करवाढ नाही म्हणजे नाही!

बाई गर्दीतच उठून ओरडल्या, "याला पुरावा काय?"

मामांनी प्रेमाने हात जोडले. "ताई, नियम प्रचारापुरता होता. मतदान झालं. आता आम्ही मोकळे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंचे साहेब पहिल्या रांगेत उभे राहून टाळ्या पिटत होते. बाई अजून उभ्याच होत्या, तेवढ्यात मागून कुणीतरी त्यांचा पदर ओढला.

"अहो बाई, बसा ना खाली. स्टेज दिसत नाहीये."